फोटोतले फूल आणि त्याचे नाव

बागेतल्या अनोळखी फुलाचे नाव फोटोवरून शोधण्याची सोय फार अलीकडची आहे. कार्ल लिनियसच्या काळात, म्हणजे १७५३ साली ‘स्पीशीज प्लँटॅरम’ निघाले तेव्हा, वर्गीकरणाची भिस्त पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजण्यावर होती. बागेने तिथेच घोळ घातला. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग मोजायचे काय?

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा ‘फ्लोरा’ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांचा भर रानच्या झाडांवर असे. ब्राझील, मेक्सिकोहून बागांत आलेल्या पाहुण्यांना त्यात दुय्यम जागा मिळे. कॅमेरा तोवर आला होता, पण जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळपास दिसतच नसे. त्यामुळे निळी गोकर्ण फिकट उमटे आणि लाल जास्वंद काळी. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंनी रंगीत ऑटोक्रोम प्लेट बाजारात आणली, तरी अभ्यासकांचा विश्वास दाबून वाळवलेल्या नमुन्यावरच राहिला. वाळताना रंग उडतो खरा, पण पाने, देठ आणि केसर तपासायला शिल्लक राहतात.

पालट झाला तो डिजिटल कॅमेरा आणि मोबाइल घरोघरी पोहोचल्यावर. २००८ साली अमेरिकेत आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचे संकेतस्थळ सुरू झाले. २०११ मध्ये आलेले लीफस्नॅप हे अ‍ॅप तर फुलापेक्षा पानच मागे, तेही पांढऱ्या कागदावर ठेवून. फ्रान्समधल्या प्लांटनेटचे अ‍ॅप २०१३ चे. २०१७ मध्ये गूगल लेन्स आले, आयनॅचरलिस्टही फोटो पाहून नावे सुचवू लागले, आणि उत्तर काही सेकंदांत मिळू लागले. बागेच्या वाट्याला मात्र इथेही दुय्यमपणच आले: लावलेल्या झाडाची नोंद आयनॅचरलिस्टवर सहसा ‘संशोधनयोग्य’ श्रेणीत जात नाही.

वेग वाढला, तरी जुनी अडचण सुटलेली नाही. मधुमालतीचे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते, मग गुलाबी होते आणि शेवटी लाल. एकाच कळीचे दोन दिवसांचे दोन फोटो दोन वेगळ्या फुलांचे वाटू शकतात. शिवाय अनेक पुस्तकांत तिचे शास्त्रीय नाव क्विसक्वालिस इंडिका असे सापडते, तर नव्या याद्यांत कॉम्ब्रेटम इंडिकम.

याहून महत्त्वाची जोडी बिट्टी आणि अलमांडा यांची. दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्हींची फुले पिवळी आणि कर्ण्यासारखी. नुसत्या फुलाच्या जवळून काढलेल्या फोटोत फसगत सहज होते. ती महागात पडू शकते, कारण बिट्टीच्या बियांचे विष हृदयावर परिणाम करते. चौकटीत फांदी आली, तर गोंधळ बहुधा उरत नाही: बिट्टीची पाने अरुंद, लांबट आणि एकाआड एक असतात, अलमांडाची रुंद पाने बहुतेक वेळा चार-चारच्या वलयात येतात.