वसार्बुदे, बहुसंख्य

वसा म्हणजे चरबी साठविणाऱ्या कोशिकांपासून उद्भवणाऱ्या सौम्य (शरीरात इतरत्र न पसरणाऱ्या) अर्बुदास वसार्बुद म्हणतात. बोलीत त्याला चरबीची गाठ किंवा मेदाची गाठ म्हणतात. मोठ्या, लोंबत्या गाठीस आवाळू असेही नाव आहे. पण ते इतर मऊ गाठींनाही लावले जाते. संयोजी ऊतकाच्या सौम्य अर्बुदांत वसार्बुद सर्वांत अधिक आढळते. सर्वसाधारणपणे शंभर व्यक्तींत एकीस ते असते असा अंदाज असून अशा रुग्णांपैकी सु. ५ ते १० टक्के व्यक्तींत गाठी एकाहून अधिक असतात. काहींच्या अंगावर त्यांची संख्या शंभरावर जाते. एका गाठीचा प्रश्न सोपा असतो. ती काढता येते किंवा तशीच ठेवता येते. गाठी अनेक असल्या म्हणजे कोणती काढावी, कोणती ठेवावी, किती बैठकांत काढावी आणि मुळात हे सर्व चरबीचेच आहे कशावरून, असे प्रश्न उभे राहतात.

वसार्बुदाची रचना प्राकृत वसा-ऊतकासारखीच असते. त्याच्या खंडिका तंतुमय पातळ संपुटात (आवरणात) गुंडाळलेल्या असतात. बोटाने दाबल्यास गाठ मऊ, पिठाच्या गोळ्यासारखी लागते. कडेवर दाब दिला की ती बोटाखालून निसटते आणि वरची त्वचा तिला चिकटलेली नसते. वाढ वर्षानुवर्षे चालते व बहुधा ठराविक आकारानंतर थांबते. गाठीतील वसा शरीराच्या नेहमीच्या चयापचयात फारशी सहभागी होत नाही. त्यामुळे उपासाने, व्यायामाने किंवा वजन घटविल्याने गाठी विरत नाहीत. उलट आजूबाजूची चरबी कमी झाल्याने त्या अधिक ठळक दिसू लागतात. गाठ हे लठ्ठपणाचे किंवा तेलकट खाण्याचे फळ आहे ही समजूत त्यामुळे टिकत नाही. गाठींसाठी पथ्य म्हणून तेल, तूप, दूध बंद करणाऱ्या कृश शेतमजुराच्या पदरी केवळ अशक्तपणा येतो.

या गाठींची नोंद भारतीय वैद्यकात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मेदोज ग्रंथी मोठी, स्निग्ध व अल्प वेदनेची असते, शरीराच्या वाढीबरोबर ती वाढते व क्षयाबरोबर घटते, असे वर्णन आहे. यातील क्षयाबद्दलचे विधान आजच्या अनुभवाशी जुळत नाही. फुटल्यावर तीतून पेंड व तूप यांसारखा स्राव येतो असेही तेथे म्हटले आहे. हे लक्षण पाहता, आज ज्यांना त्वचेतील पुटी (द्रव वा पिठूळ पदार्थ भरलेली पिशवी) म्हणतात त्या गाठीही त्या वर्गात धरल्या गेल्या असाव्यात. चिकित्सास्थानातील एक सूचना मात्र अजूनही तंतोतंत लागू पडते : अर्बुद काढताना काही शेष राहिले, तर ते पुन्हा वाढते.

प्रकार : अनेक गाठी असणाऱ्या रुग्णांत सर्वांत मोठा गट कौटुंबिक बहुवसार्बुदतेचा होय. हा दोष अलिंग गुणसूत्रातून प्रभावी रीतीने उतरतो, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. गाठी बहुधा विशी-तिशीनंतर दिसू लागतात आणि अग्रबाहू, धड व मांड्या यांवर येतात. मान व खांदे बहुधा मोकळे राहतात. वडिलांच्या हातांवर अशाच गाठी होत्या का, या एका प्रश्नाने पुष्कळ निदान होऊन जाते. गाठी संसर्गजन्य नसतात. एका घरातील दोघा-तिघांना त्या असल्या म्हणजे एकाची दुसऱ्याला लागली असा समज होतो व तो लग्नसंबंधाच्या आड येतो, म्हणून हे स्पष्ट सांगणे आवश्यक ठरते.

मान, खांदे व दंड यांभोवती दोन्ही बाजूंस सारखी, संपुट नसलेली चरबी साठणे हा वेगळा विकार आहे. बेंजामिन ब्रोडी यांनी १८४६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि जर्मन शल्यतज्ञ ओटो मॅडलंग यांनी १८८८ मध्ये ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तो मुख्यतः दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत आढळतो. फिलाडेल्फिया येथील फ्रान्सिस डर्कम यांनी वर्णन केलेल्या विकारात चरबी दुखते. तो बहुतांशी ३५ ते ५० वयाच्या स्त्रियांत होतो आणि वेदना महिनोन्‌महिने टिकते. तरुणांच्या अग्रबाहूवरील लहान, दुखऱ्या अनेक गाठी पुष्कळदा रक्तवाहिन्यांनी युक्त अशा वसार्बुदाच्या असतात. मानवी प्रतिरक्षा-न्यूनता व्हायरसावरील (एचआयव्हीवरील) काही औषधांमुळेही शरीरातील चरबीची मांडणी बदलून गाठी येतात.

निदान : अंगावरील अनेक गाठी म्हणजे वसार्बुदेच असे गृहीत धरणे धोक्याचे असते. तंत्रिकांपासून होणाऱ्या गाठींबरोबर त्वचेवर दुधी-कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात. पुटीच्या माथ्यावर बारीक काळा ठिपका असतो. डुकराच्या मांसातील पट्टकृमीच्या डिंभांमुळे त्वचेखाली व स्नायूंत तांदळाच्या दाण्यासारख्या किंवा वाटाण्याएवढ्या घट्ट गाठी होतात. अशा रुग्णास फेफऱ्याचे झटके येत असतील, तर मेंदूतही डिंभ असण्याचा संभव असतो. कुष्ठरोगाच्या बहुजंतुक प्रकारातील गाठी कानाच्या पाळीवर व चेहऱ्यावर येतात. त्या त्वचेतच असतात, त्वचेखाली सरकत नाहीत. मानेतील गाठी क्षयाच्या असू शकतात.

खरी चिंता असते ती लायपोसार्कोमा या वसा-ऊतकाच्या कर्कविकाराची. आधीच्या साध्या वसार्बुदाचे त्यात रूपांतर होणे अत्यंत विरळा आहे; तो बहुधा आरंभापासूनच वेगळा असतो. तथापि पन्नास निरुपद्रवी गाठींच्या गर्दीत एक वेगळी गाठ दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो. ५ सेंमी. पेक्षा मोठी, झपाट्याने वाढणारी, प्रावरणीच्या खाली स्नायूत रुतलेली, घट्ट किंवा नव्याने दुखू लागलेली गाठ यासाठी निराळी तपासावी लागते. प्रथम सोनोग्राफी व गाठ खोल असल्यास एमआरआय करतात. गाठीत जाड पडदे किंवा चरबीखेरीज इतर ऊतक दिसल्यास पोकळ सुईने तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाने तपासतात. अशी गाठ आधी लहान शल्यगृहात अर्धवट काढली गेली, तर नंतरची कर्करोगाची शस्त्रक्रिया अवघड होते. लहान मुलाच्या कंबरेवर मध्यरेषेत असलेली चरबीची गाठ तर केव्हाही सहज म्हणून कापू नये. तिचा कण्यातील जन्मजात व्यंगाशी व मेरुरज्जूशी संबंध असू शकतो.

चिकित्सा : पुष्कळ रुग्णांना कोणत्याच उपचाराची गरज नसते. हे सांगून रुग्णास परत पाठविणे हाही उपचारच होय. पण तो देताना गाठींची जागा व मापे यांची नोंद करून ठेवावी म्हणजे पुढील भेटीत तुलना करता येते. जी गाठ दुखते, कामाच्या आड येते, वाढते, कुरूप दिसते किंवा जिच्या निदानाविषयी शंका आहे तीच काढावी. अग्रबाहूवरील गाठ कोयत्याच्या मुठीखाली येते, खांद्यावरील गाठ पाटीखाली व कंबरेवरील गाठ नेसणीच्या गाठीखाली. रुग्णाचे काम विचारल्याशिवाय यादी करता येत नाही.

गाठ काढण्याची खात्रीची रीत म्हणजे शस्त्रक्रिया. त्वचेवर छेद घेऊन गाठ संपुटासह सोडविली जाते. संपुट पूर्ण निघाले, तर त्याच जागी गाठ परत येण्याचे प्रमाण थोडे, शेकडा ५ च्या आत असते. स्नायूत पसरलेल्या गाठीत ते अधिक असते. नव्या जागी नवी गाठ येणे हे पुनरुद्भव नव्हे, हे कौटुंबिक प्रकारातील रुग्णास आधीच समजावून द्यावे लागते. अनेक गाठी असल्यास सु. १ सेंमी. चा लहान छेद घेऊन, बोटाने वा चिमट्याने गाठ सभोवतालून मोकळी करून दाबून बाहेर काढतात. यात व्रण लहान राहतात, पण मानेच्या पाठीवरील तंतुमय ऊतकात ही रीत नीट साधत नाही.

एका बैठकीत किती गाठी काढाव्यात हे संवेदनाहारक औषधाच्या मात्रेवर ठरते. लिग्नोकेन या औषधाची मर्यादा साधारणपणे दर किग्रॅ. वजनास ३ मिग्रॅ. व अ‍ॅड्रेनॅलीन मिसळल्यास ७ मिग्रॅ. मानतात. ५० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस दुसऱ्या हिशेबाने ३५० मिग्रॅ., म्हणजे १ टक्का विद्रावाचे ३५ मिलि. चालतात. दर गाठीस ५ मिलि. लागले, तर सात गाठींवर थांबावे लागते. त्यापुढे गेल्यास झटके येणे व हृदयाची लय बिघडणे असे धोके संभवतात. म्हणून तीस गाठी एकाच दिवशी काढून देण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये व वैद्याने मानू नये. एकदम काढावयाच्याच असल्यास पूर्ण भूल द्यावी लागते आणि मग भुलेचा धोका व व्रणांची संख्या यांचा विचार वेगळा करावा लागतो.

शस्त्रक्रिया लहान असली, तरी काही जागा अवघड असतात. मानेच्या बाजूस खांदा उचलणारी तंत्रिका व कोपराखाली बोटे सरळ करणारी तंत्रिका गाठीच्या अगदी लगत असते. निरुपद्रवी गाठीच्या पायी हात अधू होणे हा फार महाग सौदा ठरतो. काढलेली गाठ फॉर्मॅलिनात घालून ऊतकतपासणीस पाठविणे योग्य असते, निदान मोठी, खोल किंवा वेगळी दिसणारी तरी.

धुळे जिल्ह्यातील साक्रीसारख्या तालुक्यात या निर्णयात आणखी दोन गोष्टी येतात. पहिली दात्रकोशिका पांडुरोगाची (सिकलसेलची). तालुक्याच्या पश्चिम भागात व शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या भिल्ल, मावची इ. आदिवासी समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. अशा रुग्णास भूल देताना ऑक्सिजन कमी पडणे, थंडी किंवा शरीरातील पाणी घटणे यांमुळे तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. हातावर रक्तप्रवाह रोखणारा पट्टा बांधणेही जोखमीचे ठरते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताची ही साधी तपासणी करून घ्यावी. दुसरी गोष्ट अंतराची. ऊतकतपासणी, एमआरआय किंवा अवघड शस्त्रक्रिया यांसाठी रुग्णास सु. ५५ किमी. वरील धुळ्यास, श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वा तत्सम ठिकाणी जावे लागते आणि प्रत्येक फेरीस मजुरीचा एक दिवस बुडतो. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले. ग्रामीण रुग्णालये या विभागाकडे असली, तरी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे आहेत. वरवरच्या गाठी जवळच्या रुग्णालयात टप्प्याटप्प्याने, शेतीचे काम कमी असताना काढणे व शंकास्पद गाठीसाठीच दूर जाणे हा व्यवहार्य क्रम होय.

गाठीवर बिब्बा घालणे, डाग देणे किंवा दाहक लेप लावणे हे उपाय अजून चालतात. त्यांनी त्वचा जळते, आतील गाठ तशीच राहते; व्रणामुळे ती त्वचेस चिकटते आणि पुढे काढणे कठीण होते.

शस्त्रक्रियेखेरीज इतर उपायांत चरबी शोषून काढण्याची पद्धत महत्त्वाची आहे. फ्रान्समधील इव्ह-झेरार इलूझ यांनी १९७७ मध्ये एका तरुण अभिनेत्रीच्या पाठीवरील वसार्बुद मोठा व्रण न ठेवता या रीतीने काढले. सौंदर्यशल्यात आज सर्वत्र रूढ झालेल्या तंत्राचा उगम असा एका चरबीच्या गाठीत आहे. मोठ्या, मऊ गाठींस ती उपयोगी पडते, परंतु संपुट मागे राहते आणि अखंड गाठ तपासणीस मिळत नाही. सु. २·५ सेंमी. पेक्षा लहान गाठींत ट्रायॲम्सिनोलोन या स्टेरॉइडाचे इंजेक्शन महिन्याच्या अंतराने देतात. गाठ आक्रसते, क्वचितच नाहीशी होते. वरची त्वचा पांढरी पडू शकते व सावळ्या वर्णावर तो डाग गाठीपेक्षा अधिक उठून दिसतो. डीऑक्सिकोलिक अम्लास अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, वसार्बुदासाठी नव्हे. तेव्हा गाठी विरघळविणारी सुई म्हणून होणाऱ्या प्रचाराकडे सावधपणे पाहावे. गाठी विरविणारी पोटात घेण्याची खात्रीलायक गोळी उपलब्ध नाही.

डर्कम विकारात गाठी काढूनही वेदना परतते, म्हणून लिग्नोकेनच्या पट्ट्या व तंत्रिकाजन्य वेदनेवरील प्रीगॅबालिनासारखी औषधे देतात. मॅडलंग विकारात मद्य पूर्ण सोडल्यास वाढ मंदावू शकते. साठलेली चरबी मात्र कमी होत नाही. मानेतील साठा श्वासनलिकेवर दाब देऊ लागल्यास शस्त्रक्रिया करावीच लागते आणि संपुट नसल्यामुळे ती बहुधा अपुरी राहून काही वर्षांनी पुन्हा करण्याची वेळ येते.