मदतनीस कुणाचा, निवड कुणाची?

मदतनीस ठेवायची वेळ आली की अपंग माणसाचं मत बहुतेक ठिकाणी सगळ्यांत शेवटी विचारलं जातं. डॉक्टर सुचवतात, नातेवाईक ठरवतात, संस्था माणूस पाठवते, आणि ज्याला उचलून खुर्चीत बसवायचं असतं त्याला आलेल्या माणसाशी जुळवून घ्यावं लागतं. हा क्रम उलटा करण्याचं काम इंग्लंडमध्ये गेली चाळीसेक वर्षं चाललं आहे. तिथे मदतीची गरज मान्य झाली की स्थानिक प्रशासन त्यासाठीचे पैसे अपंग व्यक्तीच्या हाती देऊ शकतं. मग ती व्यक्ती स्वतः जाहिरात देते, मुलाखती घेते, माणूस नेमते, त्याचा पगार करते आणि नाहीच पटलं तर त्याला कामावरून कमीही करते. निवड अशी हाती आल्यावर ही माणसं मदतनिसात काय शोधतात, हे पाहण्यासारखं आहे. शिक्षण, अनुभव, प्रमाणपत्रं या गोष्टी त्यांच्या यादीत खाली जातात. वर येतं ते ऐकून घेणं, वेळ पाळणं आणि सांगितलं तसंच करणं. वरवर पाहता हा क्रम धोक्याचा वाटतो. माझ्या मते तोच बरोबर आहे, आणि मदतीची कोणतीही सरकारी योजना आखताना तोच पाया धरला पाहिजे.

या व्यवस्थेमागे मोठा झगडा आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक असलेल्या लिओनार्ड चेशर यांनी १९४८ साली हॅम्पशर परगण्यात ‘ले कोर्ट’ हे निवासगृह सुरू केलं. त्यांच्याच नावाची निवासगृहं पुढे जगभर निघाली, १९५०च्या दशकात मुंबईतही. हेतू चांगला होता, पण आत राहणाऱ्यांनी कधी झोपावं, कधी उठावं, यावरून कर्मचाऱ्यांशी खटके उडत. ले कोर्टमध्ये राहिलेल्या पॉल हंट यांनी १९७२ साली ‘द गार्डियन’मध्ये पत्र लिहून अपंगांना स्वतःची संघटना उभारण्याचं आवाहन केलं. सात वर्षांनी तिथल्याच जॉन इव्हान्स आणि इतर काही जणांनी ‘प्रोजेक्ट ८१’ हाती घेतला. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं, त्यावरून हे नाव. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला इथे ठेवण्यासाठी प्रशासन संस्थेला जे पैसे देतं ते आम्हाला द्या, आम्ही आपापल्या घरात राहू आणि मदतनीस आम्हीच नेमू. अडचण कायद्याची होती, कारण १९४८च्या कायद्यानुसार स्थानिक प्रशासनाला व्यक्तीच्या हातात रोख रक्कम देता येत नव्हती. मग पैसे संस्थेमार्फत फिरवून देण्याची वाट काढली गेली. ही वाट वापरणारे लोक वाढत गेले आणि अखेर १९९६ साली थेट रक्कम देण्याचा कायदा झाला, तो पुढच्या वर्षी अमलात आला. सुरुवातीला त्यातून ६५ वर्षांवरच्या लोकांना वगळलं होतं, २००० साली तीही अट गेली.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अपंग व्यक्तीने स्वतः लिहिलेली जाहिरात वाचली तरी तिच्या गरजेचं चित्र उभं राहतं. सकाळी सात ते दहा आणि एक आड एक शनिवार-रविवार, गाडी चालवण्याचा परवाना हवा, घरात कुत्रा आहे तो चालला पाहिजे, सिगारेट ओढणारा नको. स्त्रीला आंघोळीसाठी आणि कपड्यांसाठी स्त्रीच हवी असते आणि तशी अट घालायला तिथला समानतेचा कायदा परवानगी देतो. पण खरी निवड या अटींच्या पलीकडे असते. वेळेचंच घ्या. कचेरीतला सहकारी अर्धा तास उशिरा आला तर काम खोळंबतं. मदतनीस उशिरा आला तर मान-हात न हलणारा माणूस अंथरुणातच पडून राहतो, त्याला लघवीला जाता येत नाही, त्याची बस चुकते, नोकरीवर त्याच्या नावाने उशीर लागतो. म्हणून वक्तशीरपणा हा इथे सगळ्या गुणांचा पाया ठरतो. त्यानंतर येतं ऐकणं. ज्याचं बोलणं अडखळतं त्याला असा माणूस हवा असतो की जो वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबेल, शेवटचे शब्द स्वतःच घालून मोकळा होणार नाही. अंध व्यक्तीला चहाचा कप रोजच्या जागी ठेवणारा हवा असतो, ‘आवरून ठेवलं’ म्हणत वस्तू हलवणारा नको असतो. स्वमग्न व्यक्तीला कार्यक्रमात बदल असेल तर आधी सांगणारा लागतो. आणि जवळपास सगळ्यांनाच गप्प बसता येणारा माणूस हवा असतो. बँकेतला कारकून चाकाच्या खुर्चीतल्या ग्राहकाला सोडून मागे उभ्या असलेल्याकडे पाहून बोलू लागतो, तेव्हा चांगला मदतनीस उत्तर देत नाही, ग्राहकच उत्तर देईल एवढी जागा ठेवतो. घरातली भांडणं, औषधं, कर्जाची पत्रं हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जातं आणि ते त्याच्यापाशीच राहिलं पाहिजे. कणव मात्र कुणालाच नको असते. दिवसातून तीनदा कुणी हळहळत असेल, तर त्याच्या हातून अंग पुसून घेणं जड जातं.

मुलाखतीत ‘मी चुकीचं करतो आहे असं वाटलं तर तुम्ही काय कराल?’ असा एखादा प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो. ‘मी तुम्हाला तसं करू देणार नाही’ हे उत्तर मायेचं वाटतं, पण नेमणारा तिथेच सावध होतो. ‘एकदा स्पष्ट सांगेन, मग तुम्ही म्हणाल तसं करीन’ म्हणणारा माणूस त्याला हवा असतो. रात्री उशिरापर्यंत जागायचं, तेलकट खायचं, पावसात बाहेर पडायचं, हे निर्णय बाकीचे लोक कुणाला न विचारता घेतात. तेवढाच हक्क या माणसांना हवा आहे. काही जण म्हणूनच रुग्णसेवेचा अनुभव नसलेला उमेदवार मुद्दाम निवडतात. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या अंगात एक ठरलेली पद्धत भिनलेली असते, ती मोडून नवी शिकवण्यापेक्षा कोऱ्या माणसाला पहिल्यापासून शिकवणं त्यांना सोपं वाटतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. शरीर नाजूक, नळ्या, औषधं, उचलण्याची यंत्रं. अशा कामात प्रशिक्षण दुय्यम कसं? उत्तरासाठी एक उदाहरण जवळून पाहू. छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची लघवीची नळी मुडपली, मूत्राशय तुंबलं, किंवा बुडाखाली कपड्याची घडी राहिली, तरी त्याचा रक्तदाब एकाएकी भयंकर चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी त्याला ताबडतोब ताठ बसवायचं, पट्टा-कपडे सैल करायचे, नळी तपासायची आणि तरी उतार पडला नाही तर विनाविलंब डॉक्टर गाठायचा. रुग्णाला बरं वाटेना की आडवं करायचं, ही सर्वसाधारण सवय इथे दाब आणखी वाढवते. अशी इजा असलेल्या माणसाला ही लक्षणं आणि त्यांवरचे उपाय पाठ असतात, पण रुग्णालयात काम केलेल्या अनेकांना या प्रकाराची ओळखही नसते. तेव्हा जीव वाचवणारा मदतनीस तोच, जो ‘मला बसव, नळी बघ’ हे ऐकल्याबरोबर वाद न घालता करतो. प्रशिक्षण हवंच. यंत्राने उचलायला, शय्याव्रण ओळखायला, नळी स्वच्छ ठेवायला शिकावंच लागतं. पण या गोष्टी ऐकणाऱ्या माणसाला काही आठवड्यांत शिकवता येतात. न ऐकणाऱ्याला ऐकायला शिकवणं त्याहून कितीतरी अवघड आहे, म्हणून निवडताना आधी तेच पाहावं लागतं.

हा केवळ तर्क नाही. ब्रिटनमधल्या अपंगांच्या संघटनांच्या महामंडळाने ‘पॉलिसी स्टडीज इन्स्टिट्यूट’कडून करवून घेतलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. स्वतः मदतनीस नेमणारे लोक प्रशासनाने पाठवलेली सेवा घेणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी आढळले, आणि त्यांच्या मदतीचा खर्च ३० ते ४० टक्क्यांनी कमी होता. दोन वर्षांनी कायदा झाला त्यात या आकड्यांचा वाटा होता. अभ्यास संघटनांनीच करवून घेतला म्हणून शंका घेणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावं. १९९८ च्या अखेरीपासून आर्कान्सा राज्यात आणि पुढे न्यू जर्सी व फ्लोरिडात यावर रीतसर प्रयोग झाला. इच्छुकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली, अर्ध्यांना स्वतः माणूस नेमण्यासाठी रक्कम दिली आणि उरलेल्यांना नेहमीप्रमाणे एजन्सीची सेवा. आर्कान्साचे निष्कर्ष २००३ साली आले. स्वतः नेमणाऱ्यांचं समाधान जास्त, अडून राहिलेल्या गरजा कमी, आणि पडणं, जखमा, व्रण यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा वाढलेलं नाही. प्रशिक्षित माणूस नसेल तर अपघात होतील, ही भीती निदान तिथे खरी ठरली नाही.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. एकट्या राहणाऱ्या अपंग व्यक्तीच्या घरात अनोळखी माणूस, घराची किल्ली त्याच्याकडे. चोरी, मारहाण किंवा त्याहून वाईट काही झालं तर? हे घडतं आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणूनच इंग्लंडमध्ये जुन्या मालकाकडे चौकशी करतात, पोलिसांकडच्या नोंदी तपासण्याची सोय आहे, पहिली मुलाखत घरी न घेता वाचनालयासारख्या सार्वजनिक जागी घ्यावी असं सुचवलं जातं, आणि पक्की नेमणूक करण्याआधी काही दिवस पगारी चाचणीवर ठेवता येतं. पण या आक्षेपाची दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही. अत्याचार बंद निवासगृहांतही झाले आहेत, आणि तिथे सोसणाऱ्याला त्या कर्मचाऱ्याला काढण्याचा अधिकार नव्हता. कामावरून कमी करण्याचा अधिकार हातात असणं हे संरक्षणाचं साधन आहे. तो काढून घेऊन माणूस सुरक्षित होत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो मदतनिसाच्या बाजूने आहे. मी म्हणेन तेव्हा ये, म्हणेन तसं कर, तोंड उघडू नको. ही गुलामगिरीच नव्हे का? कायदा नसेल तर ती तशी होऊ शकते. इंग्लंडमध्ये मात्र मदतनीस नेमणारी व्यक्ती कायद्याने मालक होते. लेखी करार, किमान वेतन, वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी रजा, कामावर इजा झाल्यास विमा, हे सगळं तिला द्यावं लागतं, आणि हिशेब ठेवण्यासाठी संस्थांची मदत मिळते. दुखणं वेगळंच आहे. प्रशासन तासाला जो दर मंजूर करतं तो इतका तुटपुंजा असतो की चांगला माणूस मिळणं मुश्कील होतं आणि मिळालेला दुकानात थोडा जास्त पगार दिसला की निघून जातो. अशा वेळी निवडीचा हक्क कागदावरच राहतो. मदतनिसाला नीट पगार मिळावा ही मागणी अपंग माणसाच्या हिताविरुद्ध जात नाही. दोघांचं हित त्या एकाच दरात अडकलेलं आहे.

ज्यांना बौद्धिक अपंगत्व आहे, जे मुलाखत घेऊ शकत नाहीत, त्यांचं काय, असंही विचारलं जातं. स्वीडनमध्ये १९९४ साली अमलात आलेल्या कायद्याने खूप मदत लागणाऱ्यांना व्यक्तिगत मदतनिसाचा हक्क दिला, आणि तिथे गंभीर बहुविकलांग व्यक्तींनी व त्यांच्या कुटुंबीयांनी सहकारी संस्था काढली. त्या व्यक्तीला नीट ओळखणारा एक जबाबदार माणूस तिच्या वतीने व्यवहार पाहतो. पण नवा मदतनीस आल्यावर तिचा चेहरा खुलतो की अंग आखडतं, याकडे लक्ष ठेवून निर्णय घेता येतो. बोलता न येणाऱ्यालाही पसंती असते.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात ब्यूरोमार्फत बारा तासांच्या किंवा चोवीस तासांच्या ड्यूटीवर मावशी, मामा मिळतात. माणूस ब्यूरो पाठवतो, आठ-पंधरा दिवसांत बदलतोही, दर ब्यूरोशी ठरतो आणि त्यातलं कमिशन कापून उरलेलं काम करणाऱ्या बाईच्या हाती पडतं. दोघांनाही निवड नाही. बाकी बहुतेक घरांत हे काम आई, बहीण किंवा बायको वर्षानुवर्षं विनामोबदला करते. भारताने अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला २००७ साली मान्यता दिली, त्याच्या १९व्या कलमात व्यक्तिगत मदतनिसाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१६च्या आपल्या कायद्याच्या २४व्या कलमात जास्त मदत लागणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. हा भत्ता महाराष्ट्रात खरोखर द्यायचा झाला, तर तो पूर्ण वेळच्या मदतनिसाचा योग्य पगार निघेल इतका हवा आणि अपंग व्यक्तीच्याच खात्यात जमा व्हायला हवा, नातेवाइकाच्या किंवा संस्थेच्या नव्हे. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, योजना आखण्याची आहे. तोवर ज्या घरात मदतनीस ठेवायचा विचार चालला आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे: उमेदवार आला की त्याला आधी अपंग व्यक्तीसमोर बसवा, पहिला प्रश्न तिला विचारू द्या, आणि तिने नको म्हटलं तर कारण न विचारता दुसरा माणूस शोधा.