बर्फाचे घर आणि सरकारी घर



आमच्या शाळेतील भूगोलाच्या पुस्तकात एक चित्र होते. बर्फाचे घुमटाकार घर, त्याच्या दारात कातड्याचा अंगरखा घातलेला एक हसरा माणूस, आणि खाली नाव 'एस्किमो'. ते घर आपणां सर्वांस पाठ आहे. पण त्या माणसाची नातवंडे आज कोठे राहतात, हे पुस्तकाने सांगितले नाही. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम नावाविषयी. 'एस्किमो' हे नाव परक्यांनी दिलेले आहे. ते लोक स्वतःस 'इन्युइट' म्हणवितात. त्याचा अर्थ इतकाच की 'माणसे'. २०२१ च्या शिरगणतीत कॅनडामध्ये त्यांची संख्या सुमारे ७०,५०० भरली. त्यांपैकी दहांतले सात जण अजून उत्तरेच्या आपल्या मूळ भूमीत राहतात. त्या भूमीचे चार विभाग आहेत. सर्वांत मोठा नुनावुत, म्हणजे 'आपली भूमी'. १ एप्रिल १९९९ रोजी तो स्वतंत्र प्रदेश झाला. क्षेत्रफळ सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सहापटीहून अधिक. आणि वस्ती २०२१ साली ३७ हजारांच्या आत. गावे पंचवीस, आणि एका गावाहून दुसऱ्या गावास नेणारा रस्ता एकही नाही.

आता जुन्या घराकडे वळू. इन्युइट लोक बारा महिने बर्फाच्या घरात राहत, ही आपली पहिली चुकीची समजूत. उन्हाळ्यात ते कातड्याच्या तंबूत राहत. त्यास 'तुपिक' म्हणतात. दगड, माती व देवमाशाची हाडे वापरून केलेले 'कार्माक' हे आणखी एक घर. बर्फाचे घर मुख्यतः कॅनडाच्या उत्तरेतील हिवाळ्याचे. अलास्कात व ग्रीनलंडमध्ये माती-दगडाच्या घरांचाच प्रघात अधिक होता. आणि 'इग्लू' या शब्दाचा त्यांच्या भाषेतील अर्थ नुसता 'घर' असा आहे.

बर्फाचे घर हा साधा खेळ नव्हे. वाऱ्याने घट्ट दाबलेला हिम निवडावयाचा, हाडाच्या लांब सुरीने त्याच्या विटा कापावयाच्या, आणि आत किंचित कलत्या ठेवून त्या वळशावळशाने वर चढवावयाच्या. हिमात हवा कोंडलेली असते म्हणून आतली ऊब बाहेर जात नाही. दाराची वाट खोलगट ठेवतात आणि झोपण्याचा ओटा उंच करतात. थंड हवा खाली साठते, उबदार हवा ओट्यावर राहते. माथ्याला वाऱ्यासाठी एक भोक असते. मध्ये मऊ दगडाचा, सीलच्या चरबीवर जळणारा 'कुल्लिक' दिवा. तो बायकांच्या ताब्यात असे. त्यावरच अन्न शिजे, कपडे वाळत आणि घर तापे. जाणता माणूस असे घर काही तासांत उभे करी. कुटुंब वाढले की शेजारी दुसरे बांधावयाचे, शिकार सरली की ते सोडून पुढे जावयाचे. थोडक्यात, घरासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नसे.

ही स्थिती एका पिढीत पालटली. कोल्ह्याच्या कातड्याचा भाव १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कोसळला आणि व्यापाऱ्यांवर विसंबलेली कुटुंबे अडचणीत आली. सरकारने मुलांसाठी शाळा काढल्या. मुले शाळेत म्हटल्यावर आईबापांना वस्ती धरावी लागली. १९५३ व १९५५ मध्ये काही कुटुंबांना क्वेबेकच्या उत्तर भागातून व पाँड इनलेटहून उचलून दूर उत्तरेला, रेझोल्यूट व ग्रीस फियॉर्ड येथे नेऊन ठेवले. न रुचल्यास दोन वर्षांनी परत आणू, हे वचन पाळले गेले नाही. त्याबद्दल सरकारने क्षमा मागितली ती २०१० साली! बॅफिन बेटाच्या भागात गाड्या ओढणारी कुत्री मारली गेली. कुत्री गेली म्हणजे शिकारीस जाण्याचे साधनच गेले. त्याची क्षमा २०१९ साली मागण्यात आली.

वस्तीवर आलेल्यांसाठी १९५९ पासून सरकारने लहान लाकडी घरे पाठविली. लोकांनी त्यांना 'आगपेट्या' म्हटले, यातच सर्व आले. पुढे १९६५ नंतर भाड्याच्या घरांची योजना आली. नाममात्र भाड्यात चांगले घर मिळेल असे आपणांस सांगितले होते, अशी साक्ष अनेक वृद्धांनी नंतर दिली. घरांचे नकाशे दक्षिणेत काढलेले. सील कापावयास जागा नाही, शिकारीचा माल ठेवावयास जागा नाही, सर्व नात्यागोत्याने बसून जेवावे एवढी खोली नाही.

आज अडचण दुहेरी आहे. जमीन खोलवर कायमची गोठलेली. घराच्या उबेने ती वितळून घर खचू नये म्हणून ते खांबांवर उचलावे लागते. नळ पुरणे कठीण, म्हणून बहुतेक गावांत पाणी टाकीगाडीने येते आणि मैलाही गाडीनेच जातो. लाकूड, खिळे, काच सर्व काही उन्हाळ्यातील मोजक्या आठवड्यांत जहाजाने येते. जहाज चुकले की वर्ष गेले. ही झाली निसर्गाची अडचण. दुसरी माणसाने केलेली: १९९३ साली केंद्र सरकारने नव्या सार्वजनिक घरांसाठी पैसा देणे थांबविले. पुढे अधूनमधून मदत मिळाली. पण लोकसंख्या वाढत राहिली आणि खंड भरून निघाला नाही.

परिणाम आकड्यांत पाहा. २०२१ साली मूळ भूमीतील शेकडा ५२.९ इन्युइट दाटीच्या घरांत राहत होते, आणि शेकडा ३२.७ लोकांच्या घरांस मोठ्या दुरुस्तीची गरज होती. ओल, बुरशी, कोंडलेली हवा, एका खोलीत अनेक माणसे; तेथे क्षय आलाच. २०१६ च्या आकड्यांप्रमाणे इन्युइटांमधील क्षयाचे प्रमाण कॅनडात जन्मलेल्या, मूळनिवासी नसलेल्या लोकांच्या जवळजवळ तीनशेपट होते. २०३० पर्यंत हा रोग तेथून नाहीसा करू, असा शब्द सरकारने २०१८ साली दिला आहे. पण औषधाने बरा झालेला रोगी परत त्याच खोलीत जाणार असेल तर औषधाने किती पुरे पडावे?

येथे एक आक्षेप हमखास येतो. 'हे लोक पूर्वीही एका ओट्यावर दहा जण झोपत. दाटी ही त्यांची परंपराच आहे.' हे म्हणणे आम्हांस ओळखीचे वाटते. गिरणगावातील गाळ्यांत पाळीपाळीने झोपणारे कामगार आम्ही लहानपणी पाहिले आहेत, आणि 'त्यांना सवय आहे' हे वाक्यही तेव्हाच ऐकले आहे. उत्तरेतही आज माणसे पाळीने झोपतात. फरक असा की जुने घर काही आठवड्यांचे होते आणि दुसरे बांधणे आपल्या हाती होते. आजचे घर पन्नास वर्षांचे आहे, आणि दुसरे मिळणे प्रतीक्षायादीच्या हाती आहे. एकत्र राहणे ही परंपरा; कोंडले जाणे ही परंपरा नव्हे.

नोकरी आणि घर यांची तेथील गाठही कामगारांनी समजून घ्यावी. सार्वजनिक घराचे भाडे मिळकतीवर ठरते. मुलास काम लागले की घराचे भाडे चढते. दक्षिणेहून येणाऱ्या नोकरदारांना नोकरीबरोबर सवलतीचे घर मिळत आले. ते नोकरीला बांधलेले. नोकरी सुटली की छप्पर सुटले. मालकाच्या चाळीत राहणाऱ्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

इन्युइट स्वस्थ बसलेले नाहीत. १९७१ मध्ये त्यांनी आपली देशव्यापी संघटना उभारली, १९९३ मध्ये जमिनीचा करार मिळविला आणि पुढे नुनावुत मिळविला. तेथील तत्कालीन खासदार मुमिलाक काकाक यांनी घरोघर जाऊन पाहणी केली व २०२१ साली अहवाल मांडला. २०२२ साली प्रादेशिक सरकारने २०३० पर्यंत तीन हजार घरे बांधण्याची योजना जाहीर केली. ती पुरी होवो. परंतु घरांच्या संख्येइतकाच दुसराही प्रश्न महत्त्वाचा आहे: नकाशा कोण काढणार, आणि बांधकामाची मजुरी कोणाच्या घरी जाणार? ज्यांच्या आजोबांनी वाऱ्याने दाबलेल्या हिमातून काही तासांत घर उभे केले, त्यांना घर कसे असावे हे विचारावयास हवे. त्या चित्रातला माणूस दारात हसत उभा होता, कारण ते दार त्याने स्वतः बसविलेले होते.