हार घालण्याआधी गाडी नीट पाहा

दसऱ्याची सकाळ. शोरूमच्या दारावर झेंडूचे तोरण, आत रेशमी कापडाखाली झाकलेली नवी कोरी मोटार. घरची मंडळी नटूनथटून आलेली, पेढ्यांचा पुडा आणि नारळ तयार. विक्री प्रतिनिधी कापड दूर करतो, टाळ्या वाजतात, छायाचित्रे निघतात आणि पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या किल्लीबरोबर एक कागदही हळूच पुढे येतो. 'फक्त इथे सही करा, साहेब.' त्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेले असते, 'वाहन सुस्थितीत मिळाले, कोणतीही तक्रार नाही.' मुहूर्त टळू नये म्हणून ग्राहक सही करून मोकळा होतो.

प्रस्तुत प्रतिनिधीनेही काही वर्षांपूर्वी अशीच सही केली होती. चार महिन्यांनी घाटात टायर पंक्चर झाला, तेव्हा स्टेपनी प्रथमच बाहेर निघाली. तिच्यावर झिजल्याच्या स्पष्ट खुणा होत्या आणि जॅकचा दांडाही जागेवर नव्हता. विक्रेत्याकडे विचारणा केली असता त्याने शांतपणे तो कागद काढून दाखवला. नुकसान काही हजारांचे होते. मात्र घर खरेदीखालोखाल मोठा असणारा हा व्यवहार आपण भाजी निवडण्याइतकीही चिकित्सा न करता उरकतो, हे त्या दिवशी ध्यानात आले.

नवी गाडी सदोष कशी?

कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी तपासलेली असते, हे खरे. परंतु चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली गाडी थेट शोरूममध्ये येत नाही. ती ट्रेलरवर किंवा रेल्वेच्या वाघिणीत चढते, उतरते, विक्रेत्याच्या गोदामाच्या उघड्या आवारात कधी काही आठवडे, तर कधी काही महिने ऊनपाऊस झेलत उभी राहते. या प्रवासात दाराला ओरखडा उठू शकतो, बंपर घासू शकतो, उभी राहून बॅटरी उतरू शकते. असे किरकोळ नुकसान विक्रेत्याच्या कार्यशाळेत रंग मारून झाकले जाण्याची शक्यता असते. गाडी ग्राहकाला देण्यापूर्वी विक्रेत्याने स्वतः तपासणी करून तक्ता भरायचा असतो. त्याला 'प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन' अथवा 'पीडीआय' म्हणतात. हा भरलेला तक्ता मागून घ्यावा, आणि तेवढ्यावर न थांबता आपलीही तपासणी करावी.

नोंदणीपूर्वीच का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४२ नुसार तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याखेरीज विक्रेत्याला वाहन ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. म्हणजेच पेढे वाटण्याच्या दिवशी आपण जी गाडी प्रथम पाहतो, ती तोवर आपल्या नावावर झालेली असते. विमा आणि नोंदणी या दोन्ही गोष्टी चॅसी क्रमांकाशी बांधलेल्या असतात. नोंदणी झालेली गाडी परत घेतली, तर विक्रेत्याला ती नवी म्हणून विकता येत नाही. त्यामुळे त्यानंतर दोष दिसला, तर 'दुरुस्त करून देतो' एवढेच उत्तर मिळते. नोंदणीपूर्वी मात्र त्याच मॉडेलची दुसरी गाडी देणे त्याला तुलनेने सोपे असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आपल्यासाठी कोणती गाडी राखली आहे, तिचा चॅसी व इंजिन क्रमांक लेखी मागावा. गोदामात जाऊन ती पाहावी. समाधान झाल्यावरच उरलेली रक्कम भरावी. कर्ज असल्यास बँकेला रक्कम अदा करण्याची संमतीही त्यानंतरच द्यावी. मग विमा, नोंदणी आणि मुहूर्त. गोदामात ग्राहकाला प्रवेश नाही, असे सांगितले जाते. अशा वेळी गाडी शोरूमवर आणून दाखवण्याचा आग्रह धरावा, आणि ही अट आगाऊ रक्कम देतानाच नोंदणी अर्जावर लिहून घ्यावी.

गाडीचे वय

डिसेंबरात मोठी सवलत मिळते त्यामागे कारण असते. १ जानेवारी उजाडताच डिसेंबरात बनलेली गाडीही 'गेल्या वर्षीची' ठरते आणि पुढे विकताना तिची किंमत कमी येते. सवलत पुरेशी असेल तर अशी गाडी घेण्यात गैर काही नाही, पण ते माहीत असायला हवे. १७ अक्षरे व अंकांच्या चॅसी क्रमांकात निर्मितीकाळाचा संकेत असतो, मात्र त्याची पद्धत प्रत्येक कंपनीची निराळी. सोपा मार्ग म्हणजे विक्री प्रमाणपत्र, अर्थात फॉर्म २१. त्यावर निर्मितीचा महिना व वर्ष नमूद असते.

टायरही वय सांगतो. त्याच्या कडेवर लंबगोलात चार अंक असतात. '२३२५' म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. पाचही टायरांचे हे अंक पाहावेत. ते तंतोतंत जुळलेच पाहिजेत असे नाही. पण एखादा टायर इतरांहून बराच जुना अथवा गाडीच्या निर्मितीनंतरचा निघाला, तर खुलासा मागावा.

उजेडात पाहा

तपासणी दिवसा, सूर्यप्रकाशात आणि धुतलेल्या, कोरड्या गाडीची करावी. शोरूमचे दिवे आणि पाण्याचे थेंब ओरखडे लपवतात. गाडीच्या बाजूला तिरके उभे राहून रंगावरचे प्रतिबिंब पाहावे. एखाद्याच दारावर छटा वेगळी, पृष्ठभाग खरखरीत किंवा रबरी पट्टीवर रंगाचे शिंतोडे दिसले, तर तेथे पुन्हा रंगकाम झाल्याची शंका घ्यावी. दारे आणि बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील, तर तो भाग उघडला गेला असण्याची शक्यता असते.

बॉनेट उघडून इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी नाही ना हे तपासावे. गाडीखाली वाकून गळती आहे का ते बघावे. ओडोमीटरवर काही दहा किलोमीटर असणे स्वाभाविक आहे. आकडा शंभराच्या पुढे गेला असेल, तर गाडी चाचणीसाठी फिरवली होती का, हे स्पष्ट विचारावे.

आत बसल्यावर पायाखालचे कार्पेट हाताने दाबून पाहावे. ओल, कुबट वास किंवा आसनाच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आढळल्यास गाडीत पाणी शिरले होते का, याचा खुलासा झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. २६ जुलै २००५ ला मुंबई परिसरात गाड्या पाण्याखाली गेल्याचे ज्यांनी पाहिले, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको. काचा, कुलपे, सर्व दिवे, वायपर, हॉर्न, वातानुकूलन, सीटबेल्ट आणि मागचा कॅमेरा एकेक करून चालवून पाहावेत. गाडी विजेवर चालणारी असल्यास चार्जर समक्ष जोडून चार्जिंग सुरू होते ना, हे पाहावे.

ताबा घेताना

प्रत्यक्ष ताब्याच्या दिवशी ही पाहणी थोडक्यात पुन्हा करावी, कारण मधल्या काळात गाडी पुन्हा हलवलेली असते. चॅसी क्रमांक बिल, विमा आणि फॉर्म २१ वरील क्रमांकाशी ताडून पाहावा. दोन किल्ल्या, स्टेपनी, जॅक, पाना, सूचना पुस्तिका आणि वॉरंटीची कागदपत्रे मोजून घ्यावीत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बंधनकारक असून ती विक्रेत्याकडूनच बसवून मिळते. बिलातील प्रत्येक शुल्काचा अर्थ विचारावा.

दोष आढळला तर तोंडी आश्वासनावर विसंबू नये. छायाचित्र काढावे आणि ताब्याच्या कागदावरच दोष व दुरुस्तीची मुदत लिहून मग सही करावी. विक्रेता दाद देत नसेल, तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे तेथे चालतात. दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, बदली वस्तू, परतावा किंवा भरपाईचा आदेश आयोग देऊ शकतो. मात्र तेथेही कागदच बोलतो.

या साऱ्या पाहणीला फार तर तासभर लागतो. तो तास मुहूर्ताच्या दिवशी सापडत नाही, म्हणून चार दिवस आधी काढावा. मग दसऱ्याला गाडीला हार घालताना आणि त्या कागदावर सही करताना हात अडखळणार नाही.