खराटा खाली ठेवल्यावर

मार्गदर्शित चिंतनचर्चा म्हणजे केलेल्या कामावर प्रश्नांच्या आधाराने मिळून केलेला विचार. महाविद्यालयांत तिला हक्काची जागा राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करतो. सकाळी श्रमदान, नंतर बौद्धिक. बौद्धिकात बहुधा पाहुणे बोलतात आणि दमलेली मुले ऐकतात. खरी उणीव इथेच आहे.

वऱ्हाडात वेगळी रीत पूर्वीपासून होती. संत गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारत. कर्ज काढून जेवणावळी का, देवापुढे बकरे का, याचे उत्तर श्रोत्यांच्या तोंडून येई. अमरावतीचे विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करते. अमेरिकेत टेरी बॉर्टन यांनी १९७० मध्ये अशा चर्चेसाठी तीन साधे प्रश्न मांडले: काय घडले, त्याचा अर्थ काय, आता काय करायचे.

अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात शिबिर असेल, तर हे प्रश्न लगेच जिवंत होतात. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात भूजल खारट आहे. पहिल्या फेरीत मुले डोळ्यांनी पाहिलेले सांगतात: विहीर आहे, पण तिचे पाणी पिववत नाही, गोडे पाणी कोण भरते, त्यात किती वेळ जातो. दुसऱ्या फेरीत कारणे येतात. जमिनीतले क्षार हे एक कारण, पण नळयोजना नियमित चालते का, पाणीपट्टी भरली जाते का, ग्रामसभेत बायांना बोलू दिले जाते का, हेही पुढे येते. तिसऱ्या फेरीत मुले ग्रामसभेत मांडायचा प्रश्न गावकऱ्यांसोबत बसून ठरवतात. पाणीटंचाईचा निर्णय कुठे होतो, हे त्यांना इथे कळते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली ग्रामसभा तोवर नुसती व्याख्या असते.

अध्यापकाचे काम इथे अवघड आहे. उत्तर ठाऊक असूनही थांबावे लागते, पक्षीय वाद आवरावा लागतो, गप्प बसणाऱ्या मुलीपर्यंत प्रश्न न्यावा लागतो. आधी दहा मिनिटे दैनंदिनी लिहून घेतली तर बुजरी मुलेही बोलतात. बोली वऱ्हाडीच असू द्यावी.

यंदाच्या शिबिराचे वेळापत्रक आखताना कार्यक्रम अधिकाऱ्यांनी बौद्धिकातला अर्धा तास तरी मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा.