वांग्यातली अळी आणि पाठीवरचा पंप



केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांतील कोलाम पोडांवर आपल्या देणग्यांतून भाजीपाल्याचे बियाणे दिले जाते, हे आपण जाणताच. परवा एका सभासदांनी विचारले, "बियाणे आहे, विहिरीला पाणी आहे, मग माल का निघत नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर वांग्यापासून सुरू करतो.

वांगे आठवडी बाजारात हमखास खपते. त्याचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. पतंगाची मादी पानांवर, कळ्यांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते आणि मागचे छिद्र आपल्या विष्ठेने बुजवते. मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कास्तकार मात्र किडके वांगे पाहून आज एक, चार दिवसांनी दुसरे औषध मारतो. पैसा जातो, अळी आत सुखरूप राहते आणि तिला खाणारे मित्रकीटक तेवढे मरतात.

म्हणून पोडावर आम्ही आधी फवारायला नाही, तोडायला शिकवतो. मलूल होऊन वाकलेला शेंडा दिसला की अळीसकट कापायचा. किडकी फळे बांधावर फेकायची नाहीत, कारण अळी बाहेर येऊन पालापाचोळ्यात कोष करते. ती जाळायची किंवा खोल पुरायची. सोबत कामगंध सापळे लावायचे, त्यात नर पतंग अडकतात. एकट्याने लावून भागत नाही, शेजाऱ्यानेही लावावे लागतात. पोडाची एकी इथे फार कामी येते. आणि वांग्यावर पुन्हा वांगे, टोमॅटो किंवा मिरची घ्यायची नाही. ती सगळी एकाच कुळातली, एकमेकांचे रोग पुढे नेणारी. काळ्या जमिनीत रोपे गादीवाफ्यावरच करावीत, नाहीतर पाणी साचून ती कोलमडतात.

फवारणी लागलीच तर पहिली निंबोळी अर्काची. ५ किलो निंबोळीची भुकटी १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून १०० लिटर करायचे. पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो पुरते. अर्क ताजा हवा आणि फवारणी संध्याकाळची.

आता पंपाविषयी. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर एका पोडावर आम्ही बियाण्यासोबत पंप घेऊन गेलो, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "पंप नोको, भाऊ. बियानं द्या फकत." तिचा मुलगा त्या साली मजुरीने फवारायला गेला होता आणि बरेच दिवस दवाखान्यात पडून होता. आम्ही पंप आणले होते, हातमोजे आणले नव्हते. ती चूक आमचीच, हे कबूल करतो.

विष तोंडातूनच जाते असे अनेकांना वाटते. खरे तर ते कातडीतून आणि श्वासातूनही जाते. ओला सदरा अंगावर तसाच ठेवणे, वाऱ्याच्या तोंडावर फवारणे, अडकलेले नोझल तोंडाने फुंकणे आणि त्याच हाताने खर्रा खाणे, या आपल्याकडच्या सवयी जिवावर बेतणाऱ्या आहेत. बाटलीवरचा त्रिकोण पाहायला आम्ही लहान मुलांनाही शिकवतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ पासून बंद आहे, तरी कपाशीची उरलेली बाटली वांग्यावर रिकामी करण्याचा मोह होतो. ते वांगे आपल्याच ताटात येते. फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते लेबलवर असते. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावे.

फवारणाऱ्याला दरदरून घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले तर घरी निजवू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. औषधाची बाटली सोबत न्यावी. डॉक्टरांना विष कोणते ते कळले की उपचार लवकर सुरू होतो.

त्या म्हातारीच्या वाफ्यात यंदा वांगी आहेत. पंप तिने अजून घेतलेला नाही. रोज सकाळी शेंडे खुडते आणि निंबोळी अर्क कडुनिंबाच्या डहाळीने शिंपडते. थोडी किडतात, पण बाजारात नेण्याइतकी निघतात, आणि घरच्या भाजीला आधी काढून ठेवते.

जूनमध्ये पोडावरच्या बायकांनी निंबोळ्या वेचल्या, पण वाळवायला ताडपत्र्या कमी पडल्या. ताडपत्र्या, हातमोजे आणि मास्क यांसाठी ज्यांना हातभार लावायचा आहे, त्यांनी आपल्या मंडळीच्या पाळकांकडे कळवावे.