खोक्यातला जुना भाग नवा असतो का?

मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. तिचे कधीच न बसवलेले सस्पेन्शनचे भाग मात्र अजून जुन्या साठ्यात सापडतात आणि 'नवेच' समजले जातात.

वापर झाला नाही, तरी रबराचे वय वाढतेच. कपाटात पडून राहिलेली कुकरची रिंग कडक होते, तसाच बुशही (धातूच्या सांध्यात बसणारा, धक्के शोषणारा रबरी भाग). हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबर जुने करतात. वरणगावसारख्या गावाच्या ४५ अंशांजवळ जाणाऱ्या उन्हाळ्यात रबर जुने होण्याचा वेग वाढतो.

याचा अर्थ सगळा साठा टाकाऊ, असा नाही. गंज किंवा तडा नसलेले मागचे पाटे आणि पुढची स्प्रिंग तपासून वापरता येतात. शॉकॲब्सॉर्बरमध्ये मात्र रबरी सील असते. शॉकॲब्सॉर्बरची तेलगळती आणि त्याच्या दांड्यावरचा गंज आधी पाहावा. बुश ताजेच घ्यावेत.